ढेप्याची वजाबाकी

गाळघरात शिरायला वीस मिनिटं लागत. बाहेरून आलेल्या माणसानं आधी दोन दारांच्या मधल्या खोलीत हात वर करून उभं राहायचं, चारी बाजूंनी येणारा वारा अंगावर घ्यायचा, अंगातले कपडे डब्यात टाकून घरचे चढवायचे, केस ओल्या फडक्यानं पुसायचे. मग भिंतीतली बारीक नळी त्याच्याभोवतीची हवा हुंगून बघायची आणि तिचं समाधान झालं तरच आतलं दार सरकायचं. एवढं सोसून कुणाच्या घरी चहाला जावं, असे लागेबांधे जगात फार थोड्यांचे असतात. हिंदुराव जगदाळ्यांकडे दोन वर्षांत एकच माणूस नेमानं येत होतं, ते म्हणजे डॉक्टर यास्मिन मुजावर. आणि खरं सांगायचं तर त्याही हिंदुरावांकडे येत नव्हत्या. त्या ढेप्याकडे यायच्या.

ढेप्या म्हणजे हिंदुरावांचा कुत्रा. बारा वर्षांचा, गुळाच्या रंगाचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि कानांनी जवळजवळ ठार बहिरा. हिंदुराव चाळीस वर्षं गुऱ्हाळात गुळव्या होते. काहिलीत उकळणारा उसाचा रस नेमका कधी उतरवायचा हे जो ठरवतो तो गुळव्या. जरा आधी उतरवला तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. बाकीचे गुळवे पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघत. हिंदुराव नुसत्या वासावर सांगत, आणि त्याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. अशाच एका हंगामात गुळाच्या ढेपा थंड होत होत्या तिथं एक पिल्लू चाटत बसलेलं सापडलं. तेव्हापासून ते त्यांच्या पायांत. पुढं बायको गेली, मुलगी वैजयंता लग्न होऊन इस्लामपूरला गेली, गुऱ्हाळात यंत्रं आली, आणि उरले ते हे दोघं.

ढेप्याला खाज सुटायची. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण पंजे चावून चावून रक्त काढणारा, कानामागची कातडी ओरबाडून काढणारा, झोप लागली की पाचव्या मिनिटाला दचकून उठणारा प्राणी ज्यानं घरात सांभाळलाय, तो त्याला किरकोळ म्हणणार नाही. मागचा पाय कानाशी गेला की गळ्यातली कडी फरशीवर आपटायची. कडीचा तो खणखण आवाज हिंदुरावांच्या डोक्यात जाऊन बसला होता. ढेप्या शांत पडलेला असतानाही तो त्यांना ऐकू येई.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर मुजावरांनी त्याला पहिल्यांदा तपासलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, माणसाला ॲलर्जी झाली की शिंका येतात, डोळे वाहतात. कुत्र्याचं सगळं कातडीवर येतं. हवेतलं, गवतातलं, अंथरुणातलं काहीतरी कातडीतून आत झिरपतं आणि शरीर त्यावर तुटून पडतं."

"कातडी फुटकी हाय व्हय त्येची?"

"फुटकी नाही, गिलावा कच्चा आहे. आणि आतले राखणदार भलते तापट. आत आलेला कण बिनकामाचा असतो, कुणाचं काही बिघडवत नाही. पण यांनी एकदा त्याला चोर ठरवलं, की तो दिसेल तिथं मारामारी. ती मारामारी म्हणजेच खाज."

"मग राखणदारालाच जरा झोपवा की गोळी देऊन."

"तीच पंचाईत आहे. याची मूत्रपिंडं थकलीत. गोळ्या सोसणार नाहीत. चोर कोण ते शोधायचं आणि त्याला घराबाहेर ठेवायचं, एवढाच मार्ग आहे."

आणि चोरांची यादी काही लहान नव्हती. माळावरची हरळी. पूर्वी पावसाळ्यात फुलणारं आणि आता ऋतूंचा मेळ बिघडल्यापासून बारा महिने फुललेलं गाजर गवत. अंथरुणात राहून माणसाच्या कातडीचा कोंडा खाणारे, डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे. साठवलेल्या पिठात होणारे त्यांचे भाऊबंद. ओलीवर धरणारी बुरशी. झुरळं, लोकर, कापूस. ज्यांच्यात आपण जन्मभर राहतो त्यांचीच ही नावं होती.

गाळघरं निघाली होती ती माणसांसाठी. गवतं बारमाही फुलू लागल्यावर दम्याच्या लोकांना शहरं सोडवेनात आणि सोसवेनात, म्हणून खिडक्या न उघडणारी, हवा सात पडद्यांतून गाळून घेणारी ही घरं बांधली गेली. कऱ्हाडच्या बाहेर माळावर तशी एक वसाहत होती. हिंदुरावांनी गावातलं घर सोडलं आणि तिथं राहायला गेले. कुत्र्यापायी घर बदललेला माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचं हसं झालं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. ढेप्या त्या रात्री दोन तास सलग झोपला होता.

तिथं सुरू झाली डॉक्टरांची वजाबाकी. पद्धत सरळ होती. घरातली एक वस्तू काढायची आणि तीन आठवडे थांबायचं. ढेप्याच्या गळ्यात खाजपट्टा होता, तो तासाला किती वेळा पाय कानाशी गेला ते मोजायचा. आकडा उतरला, तर काढलेली ती वस्तू पुन्हा आणून ठेवायची आणि आकडा पुन्हा चढतो का ते बघायचं. डॉक्टर याला परतपारख म्हणत. "चोर गेल्यावर चोरी थांबली एवढ्यानं गुन्हा सिद्ध होत नाही काका. त्याला परत आणून बघायला लागतं."

पहिली गेली गोधडी. आकडा चाळिसावरून तिसावर आला. डॉक्टर म्हणाल्या, आता परत अंथरा. हिंदुराव म्हणाले, "न्हाई."

"एकच आठवडा."

"जरा कुठं डोळा लागाय लागलाय त्येचा. पुन्हा मुद्दाम खाजवायला लावू? माझ्यानं बगवणार न्हाई, डॉक्टरबाई. गोधडी गेली तर गेली."

डॉक्टर तेव्हा अडून बसल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण समोर एक म्हातारा माणूस एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता. डॉक्टरांनी वहीत 'परतपारख बाकी' असं लिहिलं. दर वेळी त्या तसंच लिहीत गेल्या.

गोधडी जाळली. महिन्याभरात आकडा पुन्हा चाळिसावर. मग घोंगडं गेलं. मग ज्वारीच्या पिठाचा डबा गेला आणि त्याच्याबरोबर हिंदुरावांची भाकरी गेली. ते बंद पाकिटातलं, उकळत्या पाण्यात भिजवायचं काहीतरी खाऊ लागले. बुरशी धरते म्हणून माठ गेला, तुळशीची कुंडी गेली. गादी जाऊन गुळगुळीत पत्र्याची खाट आली. प्रत्येक वस्तू गेली की आकडा चार दिवस उतरायचा आणि पुन्हा चढायचा. या रोगाला भरती-ओहोटी असतेच, काही केलं नाही तरी असते. पण ते चार दिवस हिंदुरावांना पुरावा वाटत. शेवटी बाहेरून आपल्याच अंगावर गवताचे कण येतात म्हणून त्यांनी बाहेर जाणं सोडलं.

वैजयंताला मुलगा झाला. ती फोनवर म्हणाली, "आबा, एक दिवस तरी या. बाळ बघून जा."

"येतो. ढेप्याला जरा उतार पडू दे."

बाळ चालायला लागलं तरी आबा गेले नव्हते. न उघडणाऱ्या खिडकीतून माळावरची हरळी वाऱ्यानं हलताना दिसायची, आवाज मात्र येत नसे. हिंदुराव तिथं उभे राहून तासन् तास बघत. कधी कधी त्यांचा जीव असा गुदमरे की काच फोडावी वाटे. मग पायापाशी कडी खणखणायची आणि ते खाली बसून ढेप्याचं अंग चोळायला लागत. गावात असताना ते दिवसभर घराबाहेर असत, इथं चोवीस तास त्याच्याजवळ. त्याला जवळ घ्यायचं, त्याच्या पंजांवरून हात फिरवायचा, याखेरीज त्या घरात दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

दोन वर्षांनी आकडा पंचेचाळीस होता. ढेप्याच्या पोटावर केस उरले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, "दहा दिवस माझ्या केंद्रात ठेवू या. सगळ्या परतपारखा तिथं एकदम करते. तुम्ही बघू नका."

केंद्रातली माणसं डोक्यापासून पायापर्यंत बंद झग्यात वावरत. चौथ्या दिवशी आकडा बारा झाला. आठव्या दिवशी दोन. त्या दिवसांत डॉक्टरांनी ढेप्यापुढं हरळी आणली, गाजर गवत आणलं, जुन्या अंथरुणातली धूळ आणली, किडलेलं पीठ आणलं. आकडा दोनच.

पण ढेप्यानं पाचव्या दिवसापासून खाणं सोडलं होतं. तोंड दाराकडं करून पडलेला असे. आठव्या दिवशी हिंदुरावांना बोलावलं, झगा चढवून आत सोडलं. ढेप्यानं जवळ येऊन हुंगलं, शेपूट पायांत घातली आणि तो कोपऱ्यात सरकला.

"पांढऱ्या झग्याला भ्यालं," हिंदुराव म्हणाले.

"प्लास्टिक करकरतं ना," डॉक्टर म्हणाल्या.

कुत्रा आंधळा आणि बहिरा आहे, हे त्या घटकेला दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

त्या दुपारी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं. "काका, गोधडी निर्दोष होती. पीठ, तुळस, माठ, सगळं निर्दोष. हरळीसुद्धा."

हिंदुरावांनी गेलेल्या वस्तू बोटांवर मोजल्या. मग म्हणाले, "मग ऱ्हायलं काय घरात?"

"माणसाच्या कातडीचा कोंडा सतत झडत असतो. दिसत नाही इतका बारीक. आपल्याला जशी कुत्र्या-मांजरांची ॲलर्जी होते, तशी काही कुत्र्यांना माणसांची होते. मी तुमच्या टोपीतला कोंडा घेऊन त्याचा अर्क केला आणि एक थेंब त्याच्या पोटाच्या कातडीला टोचला. दहा मिनिटांत रुपयाएवढी गांध उठली."

"म्हंजे मी."

"तुम्ही."

हिंदुरावांनी आपल्या हातांकडं बघितलं. याच हातांनी ते दोन वर्षं त्याचं अंग चोळत होते. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मग डॉक्टरांनी मार्ग सांगितले. ढेप्याला दुसऱ्या कुणाकडं द्यायचं, तर तीही माणसंच. इथं झग्यातल्या माणसांत ठेवायचं, तर तो खात नव्हता. त्याला माणसाच्या कोंड्याची सवय लावणारी लस द्यायची, तर तिला वर्ष लागतं आणि या वयात ती लागू पडेलच असं नाही. शेवटचा मार्ग सांगताना त्या जरा अडखळल्या.

"नितळी म्हणून एक नवी लस आहे. ती कुत्र्याला द्यायची नाही, माणसाला द्यायची. आपली कातडी खालून वर उगवत असते, दीडेक महिन्यात सगळी नवी होते. नितळी त्या मुळातल्या पेशींमध्ये फरक करते. मग जी कातडी उगवते तिच्यातली द्रव्यं अशा घडणीची असतात, की ढेप्याचे राखणदार तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मुळातच बदल म्हणजे कायमचा. परत फिरता येत नाही."

"मला काय हुईल?"

त्यांनी सगळं वाचून दाखवलं. थोडा ताप, अंग सोलल्यासारखं होणं, उन्हात जपणं. सहा पानं होती आणि सगळी माणसाबद्दल होती. कुत्र्याला काय होईल याचं पानच त्यात नव्हतं, कारण लस कुत्र्याला द्यायची नव्हती.

"द्या टोचून," हिंदुराव म्हणाले.

दीड महिना ढेप्या केंद्रात पोटात सोडलेल्या नळीवर जगला आणि हिंदुराव गाळघरात सोलवटत राहिले. आपण आपल्यातूनच गळून चाललोय, असं त्यांना वाटे. पण गाळघरानं आपलं काम चोख केलं. जुन्या कातडीचा कण न् कण हवेच्या पडद्यांत अडकला आणि पडदे जाळले गेले. टोपी, सदरे, चपला, सगळं हिंदुरावांनी स्वतः वेचून भट्टीत पाठवलं. या खेपेला त्यांना एक धागाही मागं ठेवायचा नव्हता. फरशी तर त्यांनी तीनदा पुसली.

ढेप्या घरी आला त्या दिवशी त्याच्या पोटावर कोवळे केस होते. आतलं दार सरकलं. हिंदुराव जमिनीवर हात पसरून बसले होते. ढेप्या आत आला आणि घर हुंगत निघाला. खाट, भिंत, खिडकीची कड. हिंदुरावांच्या गुडघ्याशी येऊन त्यानं हुंगलं, टेबलाचा पाय हुंगावा तसं, आणि पुढं गेला. त्यांनी त्याला कवेत घेतलं तेव्हा तो ताठ झाला, घशात गुरगुरला. सोडल्यावर दाराशी गेला आणि फटीला नाक लावून बसला.

दोन दिवसांनी डॉक्टर केंद्रातला बंद झगा चढवून आल्या तेव्हा तो तिथंच होता. खाजपट्ट्यावर आकडा शून्य.

"कुणाची वाट बगतोय म्हाईतीय?" हिंदुरावांनी विचारलं.

डॉक्टरांना कळलं. त्या खुर्चीवर बसल्या. "वास," त्या म्हणाल्या. "माणसाचा वास म्हणजे त्याच्या कातडीवर राहणाऱ्या जंतूंची करणी. कातडी बदलली की जंतू बदलले, जंतू बदलले की... काका, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तुमच्या कशाला? चाळीस वर्षं नाकावर भाकरी खाल्ली म्या. पाक कुठं आलाय ते नाकानं सांगायचो. त्या दिवशी झग्यात त्येनं मला हुंगून पाठ फिरवली, तवाच कळाय पायजे हुतं. पर स्वतःचा वास कुणालाच येत न्हाई." ते दाराकडं बघत म्हणाले, "त्येच्या लेखी हिंदुराव भायेर गेल्यात आनि अजून आलं न्हाईत. आनि घरात हे कोन शिरलंय कुनास ठाऊक."

तीन दिवस गेले. ढेप्या खात नव्हता. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. ज्या शांततेसाठी दोन वर्षं घालवली, ती त्या घरात आता पुरेपूर होती. कडी वाजत नव्हती. हिंदुराव वेड लागायच्या बेताला आले. त्यांनी डॉक्टरांना फोन करून एकच गोष्ट विचारली. त्या म्हणाल्या, "आहे. तीन कुप्या आहेत."

त्या दुपारी चारला आल्या. वाऱ्याच्या खोलीतून गेल्या, कपडे बदलले, केस पुसले, वरून झगा चढवला. बंद कुपीतून हवेत काही सुटत नाही, म्हणून नळीनं तिला अडवलं नाही. टेबलावर त्यांनी ती ठेवली. तळाशी फिकट, गढूळसं पाणी होतं. चाचणीसाठी टोपीतून काढलेला हिंदुरावांचा अर्क. जुन्या हिंदुरावांचं जगात अशा तीन कुप्यांएवढंच शिल्लक होतं.

"हे मी द्यायला नको," त्या म्हणाल्या. "यानं काय होणार ते तुम्हाला माहीत आहे."

"व्हय. परतपारख." ते किंचित हसले. "तुमच्या वहीत बाकी ऱ्हायलीय न्हवं?"

त्यांनी मनगटावर एक थेंब टाकला, दुसऱ्या हातानं तळव्यावर पसरवला आणि जमिनीवर बसले.

दाराशी ढेप्याची मान वर झाली. नाक हललं. तो उठला, वळला, टेबलाच्या पायावर धडकला, खाटेवर धडकला आणि थरथरत मनगटाशी आला. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो बारा वर्षांत हिंदुरावांनी कधी ऐकला नव्हता. त्यानं तळवा चाटला, मनगट चाटलं, डोकं त्यांच्या काखेत खुपसलं. हिंदुरावांनी मूठभर खाणं त्या तळव्यावर घेतलं. ढेप्यानं ते खाल्लं. अजून मागितलं. तेही खाल्लं.

"कुठं गेलं हुतं मालक? आं? कुठं गेलं हुतं?" हिंदुराव त्याच्या बहिऱ्या कानात विचारत होते.

खाजपट्ट्यावर शून्याचे तीन झाले. मग आठ.

"काका, आता हात धुवा," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "खाल्लं त्यानं. आजच्यापुरतं एवढं पुरे."

"किती दिवस पुरंल ती बाटली?"

"रोज एक थेंब म्हटलं तर तिन्ही मिळून सहा महिने. त्याला पुरेल." मग त्यांना जे बोलायचं नव्हतं तेही बोलून गेल्या. "तेवढ्यापेक्षा जास्त तो जगणारच नाही."

"धुतो हात," हिंदुराव म्हणाले, पण उठले नाहीत. ढेप्या त्यांच्या मांडीवर डोकं टेकून झोपेला आला होता. त्याचा मागचा पाय उचलला गेला, कानाशी गेला, आणि गळ्यातली कडी फरशीवर खणखणली. पाय पुन्हा उचलला तेव्हा हिंदुरावांनी तो मुठीत घट्ट धरला, त्यानं खाजवू नये म्हणून. थेंब लावलेल्या त्याच हातानं.